झेडफोर गाडीच्या कापडी हूडला, म्हणजे घडीच्या छपराला, उद्यमनगरातल्या मामांनी शिवलेलं जॅकेट : कोल्हापूर ते चेन्नईचा ट्रॅक आणि परत, फ्लॅटबेडवर (उघड्या सपाट ट्रकवर) वापरून मग लिहितोय

जॅकेट शिवून घेऊन बरेच दिवस झाले, पण नुसतं गाडीला घालून दोन फोटो काढून लिहायचं नव्हतं. डिसेंबरात कोल्हापूर ते इरुंगट्टुकोट्टई, म्हणजे चेन्नईच्या अलीकडचा रेस ट्रॅक, असं जाऊन येऊन अठराशेच्या आसपास किलोमीटर झाले, ऊन झालं, वारा झाला, परतीला पाऊस पण लागला, मग आता लिहितोय. ज्यांच्याकडं कापडी छपराची गाडी आहे आणि ती ट्रकवर टाकून लांब न्यायची वेळ येणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण मी पहिल्यांदा जे केलं ते बघून अजून पोटात कालवतंय.

गाडी बीएमडब्ल्यू झेडफोर, जी२९ पिढीची, २०१९ चं मॉडेल, सेकंडहँड. बेंगळुरूत घेतली. आमचं शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, मशीन हलवणं, बेल्ट बांधणं हे रोजचं काम, आणि तरीही पहिल्या वेळी मी गाडी ज्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात दिली त्याला काही विचारलं नाही. नाव घेत नाही. ओपन कॅरिअर, म्हणजे गाड्या वाहायचा उघडा ट्रक होता, ऑगस्ट महिना, पाऊस. त्यानं गाडी उलटी चढवली, म्हणजे डिकी पुढं आणि नाक मागं, आणि वरनं मीच दिलेलं बाजारातलं तयार कव्हर टाकून सुतळीनं बांधलं. मला वाटलं बरं झालं, झाकली.

इथंच सगळी चूक होती. गाडीचं हूड, दाराची रबरं, काचांच्या फटी हे सगळं समोरनं येणारा वारा धरून बनवलेलं असतंय. गाडी उलटी बसवली की वारा मागनं आत घुसतो, कव्हर फुग्यासारखं फुगतं, आपटतं, परत फुगतं, असं सहाशे किलोमीटर. आणि कव्हरच्या आत आधीच धूळ बसलेली असते, ती मग पॉलिश पेपरचं काम करते. कोल्हापुरात गाडी उतरवली आणि कव्हर काढलं तर विंडस्क्रीनच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या धुरकट, आरशाच्या टोकाचा रंग उडालेला, बंपरवर कव्हरच्या हुकाचे ओरखडे, आणि हूडवर डाव्या शिवणीच्या शेजारी तळहाताएवढा भाग घासून चकचकीत झालेला. रंग डिटेलिंगवाल्यानं दोन दिवसात बराचसा आणला, रंगाला पॉलिश असतंय. कापडाला पॉलिश नसतंय. लव गेली ती गेली, ते चकचकीत ठिपकं आज पण उन्हात दिसतंय. त्यात एका व्हीलच्या स्पोकमधनं लोखंडी हूक घातला होता त्याची खूण वेगळीच.

म्हणून चेन्नईला जायचं ठरलं तेव्हा सगळं पहिल्यापासनं नीट करायचं असं ठरवलं. चालवत का नेली नाही असं बरेच जण विचारतात. ट्रॅकवर दोन दिवस ब्रेक आणि टायर भाजून निघतात, त्याच टायरवर रात्री हायवेनं नऊशे किलोमीटर परत येणं मला पटत नाही, शिवाय ग्राउंड क्लिअरन्स ११४ मिलीमीटर आणि आपल्याकडच्या डायव्हर्जनचे खड्डे तुम्हाला माहितीच आहेत. पूर्ण बंद कंटेनर मिळाला असता तर मी ह्या जॅकेटच्या भानगडीत पडलोच नसतो, तो सगळ्यात चांगला. पण कोल्हापुरातनं एका गाडीसाठी बंद कंटेनर मला हव्या त्या तारखेला मिळेना, मग उचगावच्या एका माणसाचा फ्लॅटबेड ठरवला. चार चाकं वर असायलाच पाहिजेत हे नक्की होतं. ऑटोमॅटिक आणि मागच्या चाकावर चालणारी गाडी मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सची वाट लागते, कुणी दोरी लावून किंवा पुढची चाकं उचलून नेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं.

आता राहिलं हूड.

शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत एक मामा आहेत, दुकानाला बोर्ड नाही, बाहेर कायम एखादी रिक्षा नाहीतर जुनी जीप छप्पर काढून उभी असते. रिक्षाचं हूड, जीपचं हूड, ट्रॅक्टरची सीट, हेच काम. कोल्हापूरच्या रिक्षा कशा नटवलेल्या असतात ते सांगायला नको, एक टाका वाकडा गेलेला इथला रिक्षावाला चालवून घेत नाही, त्या लोकांचं काम करणारा माणूस म्हटल्यावर मला भरवसा होता. गाडी घेऊन गेलो तर आधी त्यांनी हात पुसला, मग तळवा हूडवरनं पुढनं मागं फिरवला, मग मागनं पुढं. म्हणाले, "पावणं, ह्याला लव हाय. एका बाजूनं गुळगुळीत लागतंय, उलटं गेलं की खरखरतंय. वारं उलटं लागलं तर घासणारच की." मी त्यांना आधीचा किस्सा सांगितलाच नव्हता. ते घासलेलं ठिपकं त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि त्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं, मला काय बोलावं कळेना.

मी म्हटलं रेक्झिनचं शिवा, पाणी आत जाणार नाही. त्यांनी चक्क नकार दिला. रेक्झिन उन्हात मऊ पडतंय आणि चिकटतंय, आणि खालचा ओलावा बाहेर पडत नाही. हे मला लगेच पटलं, कारण आपल्याकडं पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या कातडी चपलेला पंधरा दिवसात हिरवी बुरशी येते, कापडी हूडचं त्याहून वेगळं काही होत नाही. प्लॅस्टिक, बबल रॅप, स्ट्रेच फिल्म असलं काही गुंडाळून गाडी पाठवणारे बघितलेत मी, कृपा करून करू नका, खाली घाम धरतो.

शेवटी ठरलं ते असं. वरनं खाकी कॅनव्हास, आतनं पांढरं फ्लॅनेल, दोन्हीच्या मध्ये काही नाही. पूर्ण गाडीचं कव्हर नाहीच, फक्त हूडचं जॅकेट. पुढची कड विंडस्क्रीनच्या चौकटीवर चार बोटं येते, मागची कड काचेवरनं खाली येऊन एक रुंद पट्टा होतो आणि तो डिकीच्या फटीत जातो, डिकी बंद केली की मागची बाजू पकडली. बाजूला चार नवारीच्या पट्ट्या, दोन पुढं दोन मागं, त्या दाराच्या फटीतनं आत जातात आणि डावी-उजवी केबिनमध्ये एकमेकीला बकलनं जोडायची. म्हणजे बाहेर एक पण बकल नाही, एक पण हूक नाही, लोंबणारं काहीच नाही. ही आयडिया पूर्ण मामांची. माझ्या डोक्यात बाहेरनं इलॅस्टिक लावायचं होतं. ते म्हणाले, "जे फडफडतंय ते घासतंय. बाहेर काय ठिवायचंच न्हाई."

मापं घ्यायला पेपरच्या रद्दीचे मोठे तुकडे हूडवर ठेवून कडेनं पेन्सिल मारली, टेप फक्त पट्ट्यांना लावली. कडेची शिवण मशीनवर, पण चार कोपरे जिथं पट्टी जोडली जाते तिथं दाभणानं हातानं शिवलंय, दोरा मेणाच्या गोळ्यावरनं ओढून ओढून. मी तासभर बसून बघितलं. एका कोपऱ्याची गाठ आतल्या बाजूला येत होती तर त्यांनी सगळा कोपरा उसवला आणि गाठ वर घेऊन परत शिवला, कारण आतली गाठ रंगावर बसली असती. मी काही बोललो नव्हतो, मला ते दिसलं पण नव्हतं.

किंमत ५८०० रुपये, कापडासकट. दोन ट्रायल झाल्या. आता तक्रार पण सांगतो, आठ दिवसाचा वायदा होता आणि सोळा दिवस लागले. दिवाळीच्या तोंडावर रिक्षावाल्यांची रांग असते, त्यांचं पोट त्या गाडीवर असतंय त्यामुळं त्यांना आधी हे मला मान्य आहे, पण तारीख देताना खरी द्यावी एवढंच. फोन सहसा उचलत नाहीत, समोर जाऊनच काम होतं.

चढवायच्या दिवशी काय काय केलं ते सांगतो, कारण नुसतं जॅकेट घेऊन उपयोग नाही. गाडी आदल्या दिवशी धुऊन हूड पूर्ण वाळू दिलं, जॅकेटखाली धूळ किंवा ओल अडकली तर सगळं केलेलं वाया. हूडच्या कडेच्या पन्हळीतनं पाणी जायची भोकं असतात ती साफ केली, पाला अडकलेला असतोच. जुन्या ई८५ पिढीच्या झेडफोरवाल्यांना हे चांगलं माहिती असेल, तिथं भोकं तुंबली की पाणी छपराच्या मोटरपर्यंत जातंय आणि मोटरच जाते. छप्पर बंद करून पूर्ण लॉक, काचा पूर्ण वर. उघडं छप्पर आणि वर ताडपत्री असं कधीच न्यायचं नाही. नाकावर पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) आधीच होती. आतलं सुटं सामान सगळं काढलं, पेट्रोल पाव टाकी. चारी बाजूनं फोटो, व्हीलचे जवळनं फोटो, किलोमीटरचा फोटो, आणि बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) आधीचे ओरखडे लिहून घेतले. ट्रान्झिटचा वेगळा विमा उतरवला, आपली नेहमीची पॉलिसी ट्रकवरच्या गाडीला चालतेच असं धरून बसू नका, आधी विचारून घ्या.

फास्टॅग काचेवरनं झाका. पहिल्या वेळी कॅरिअरवर असलेल्या माझ्या गाडीचा टोल कापला गेला होता, गाडी बंद आणि मी घरात.

आणि अलार्म. गाडी उतारावर ओढली, ट्रक हलला की तिरकेपणाचा सेन्सर अलार्म वाजवतो आणि रात्रभर वाजला की बॅटरी बसते. आपल्या बीएमडब्ल्यूला लॉकचं बटन दाबल्यावर लगेच परत एकदा दाबलं की तो सेन्सर बंद राहतो. बॅटरी बसणं ह्या गाडीला जास्त वाईट, कारण दाराच्या काचेला चौकट नाही, दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते आणि मग दार सुटतं. बॅटरीच नसेल तर काच खाली येत नाही आणि दार ओढलं की रबराला घासत येते.

चढवताना रॅम्पच्या तोंडाशी लाकडी फळ्या एकावर एक ठेवून चढ कमी केला, नाहीतर नाकाखालचा ओठ टेकणारच. विंच (ट्रकवरची ओढायची चरखी) बंपरमधल्या टो हूकला लावली, पण ती फक्त वर ओढायला, बांधायला नाही. बांधलं चारी टायरवरनं, आमच्या शॉपमधलेच ५० मिलीमीटरचे रॅचेट बेल्ट (दांडी मागं-पुढं करून ताणायचे पट्टे) आणि टायरवर रबरी पॅड. ह्यात सस्पेन्शन मोकळं राहतं, ट्रक खड्ड्यात आपटला की गाडी आपल्या स्प्रिंगवर हलते आणि चाक मात्र जागेवर. बॉडी किंवा सस्पेन्शनचे खालचे आर्म बेल्टनं खाली खेचून बांधले की स्प्रिंग दबून राहतात आणि प्रत्येक दणक्याला बेल्ट ढिला-घट्ट, ढिला-घट्ट होतो. नाक केबिनकडं. चाकांना पुढं मागं ठोकळे. आणि सगळं बांधून झाल्यावरच जॅकेट घातलं, कारण मागची काच झाकली जाते, जॅकेट घालून गाडी हलवायचीच नाही.

निपाणीला थांबलो, तवंदी घाटाच्या आधी. मी मागनं भावाच्या बोलेरोत होतो. बेल्ट नवीन ताणाला सैल पडतातच, प्रत्येक रॅचेटनं अजून दोन-दोन टिक घेतले, हा पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरचा थांबा चुकवायचा नाही. ड्रायव्हर दादा स्वतःहून उतरून तपासत होते, साठच्या वर ट्रक नेला नाही, आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या मागं अजिबात चिकटायचं नाही हे मी एकदाच सांगितलं ते त्यांनी नऊशे किलोमीटर पाळलं. ट्रॉलीमागनं खडे उडतात आणि एखादी मोळी पडली तर विचारायलाच नको.

खरी परीक्षा चित्रदुर्गला. तिथं पवनचक्क्या आहेत त्या उगाच नाहीत, आडवा वारा असा की बोलेरो सुद्धा हालत होती. मी डोळे त्या खाकी कापडावर लावून बसलो होतो. पहिल्या वेळचं फुगणारं कव्हर डोळ्यासमोर होतं. फुगलं नाही. पुढच्या कडेला बोटभर थरथर, बस्स. ढाब्यावर थांबून ट्रकवर चढलो आणि कडेखाली हात घातला, आतलं फ्लॅनेल कोरडं, हूड कोरडं, पट्ट्या जशा बांधल्या तशाच. भावाला खालनं ओरडून सांगितलं, नाद खुळा काम केलंय मामांनी.

ट्रॅकबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, ३.७ किलोमीटरचा आहे आणि हायवेला लागूनच, आपला एनएच ४८ तिथनंच जातो त्यामुळं कोल्हापूरवाल्याला रस्ता बदलायचं कामच नाही.

परतीला पाऊस लागला. डिसेंबरात तिकडं पावसाळाच असतो, वेल्लोर जाईपर्यंत झोडपलं. तुमकूरला थांबून दार उघडलं तर डाव्या बाजूचा उंबरठा ओला, कार्पेटची कड ओली. हूडमधनं नाही, हूड कोरडं होतं. मी बराच वेळ टॉर्च घेऊन शोधत होतो, मग नवारीच्या पट्टीला हात लावला तर ती आतल्या बाजूला बकलपर्यंत ओलीचिंब. बाहेरचं पाणी सुती पट्टीतनं चढत चढत आत येऊन ठिबकत होतं. तिथं टॉवेल घातला, पट्टीला बाहेरच्या बाजूला थोडा झोळ दिला म्हणजे पाणी फटीच्या खाली ठिबकेल, आणि घरी येईपर्यंत भागलं. कार्पेट दोन दिवस पंख्याखाली वाळवलं, वास राहिला नाही.

मामांकडं जॅकेट घेऊन गेलो, सांगितलं काय झालं. त्यांनी पट्टी बोटात धरली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "वात झाली की ओ ही. समईत तेल चढतंय तसं पाणी चढलं. माझं चुकलं." असं स्पष्ट चुकलं म्हणणारा माणूस कामाच्या धंद्यात मला क्वचित भेटलाय. चारी पट्ट्यांचा दाराच्या फटीत बसणारा वीतभर भाग कापला आणि तिथं पाणी न पिणारी पातळ कोटेड पट्टी जोडली, जोड फटीच्या बाहेर खालच्या अंगाला घेतला. पैसे घेतले नाहीत. मी जबरदस्ती दोनशे रुपये ठेवले तर चहा मागवला त्यातनं.

घरी आणून गाडीला घातलं आणि पाईपनं अर्धा तास पाणी मारलं, आत एक थेंब नाही.

अजून दोन गोष्टी. घालायला दोन माणसं आणि वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एकट्यानं जमत नाही, पट्टी दाराच्या रबराखाली पिळली जाते. आणि हे प्रवासाचं जॅकेट आहे, गाडी महिनाभर पार्किंगमध्ये उभी ठेवायला वापरू नका. पत्र्याचं घडीचं छप्पर असलेल्या ई८९ झेडफोर किंवा मर्सिडीज एसएलकेवाल्यांना ह्याची गरज नाही, त्यांनी पैसे पीपीएफमध्ये घालावेत. मिनी कन्व्हर्टिबलवाल्यांनी मात्र जरूर जावं, छप्पर कापडी आहे, मामा माप घेऊन करून देतील.

जायचं असेल तर सकाळी दहानंतर जा, गाडी घेऊनच जा, फोटोवरनं ते माप घेत नाहीत. दसरा-दिवाळीच्या आधीचा महिना सोडून जा. आणि चेन्नईसारख्या पावसाच्या बाजूला जाणार असाल तर पट्टीचा फटीतला भाग कोटेडच पाहिजे हे आधीच सांगा, माझी आठवण काढली तरी त्यांना कळेल, खाकी जॅकेट आणि कापडी छपराची गाडी म्हणून.